घंटा, भोंगा आणि रेडिओचे ठोके

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास लिहिला जातो तेव्हा कारखान्यांची नावे, त्यांच्या स्थापनेची वर्षे आणि उत्पादनाचे आकडे यांची नोंद होते. परंतु या मातीतील माणसाच्या जीवनात जो सर्वांत खोल पालट झाला, त्याची नोंद सहसा कोणी घेत नाही. तो पालट वेळेचा होता. शंभर वर्षांपूर्वी भोसरीचा वा आकुर्डीचा शेतकरी सूर्याकडे पाहून औत सोडीत असे. त्याचा नातू मात्र सात वाजायला दोन मिनिटे कमी असताना कारखान्याच्या फाटकातून धावत आत शिरू लागला, कारण ती दोन मिनिटे हुकली तर हजेरीपटावर लाल खूण होई आणि पगारात तिचा हिशेब लागे.

मग प्रश्न असा की, सात वाजले हे ठरविले कोणी? कारखान्याच्या घड्याळाने की कामगाराच्या मनगटावरील घड्याळाने? दोहोंत तफावत पडली तर खरे कोणते मानायचे? दिसायला हा प्रश्न लहान आहे, पण मजुरीच्या न्यायाशी त्याचा निकटचा संबंध आहे. या प्रश्नाचे एक उत्तर रेडिओने दिले. बातम्यांपूर्वी कानावर पडणारे ते चार-दोन आवाज, ज्यांना घराघरांतून ‘टूं-टूं’ म्हटले जाई, त्यांच्यामागे मोठा इतिहास आहे. आम्ही तो येथे थोडक्यात मांडीत आहोत.

सूर्याची वेळ

जुन्या काळी आपल्याकडे दिवसरात्रीचे साठ भाग करीत. अशा प्रत्येक भागाला घटिका म्हणत आणि ती आजच्या २४ मिनिटांएवढी असे. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे वाडगे पाण्यावर ठेवीत. ते भरून बुडाले की एक घटका सरली. लग्नमुहूर्त साधण्यासाठी हे घटिकापात्र खेड्यापाड्यांतून अगदी अलीकडेपर्यंत वापरात होते. देहू आणि आळंदी ही दोन तीर्थे या पट्ट्याच्या कुशीतच आहेत. काकडआरतीने पहाट कळावी आणि शेजारतीने रात्र, अशी येथील वेळेची व्यवस्था होती.

ख्रिस्ती जनतेला हे काम घंटेने केले. पहाटे, दुपारी आणि सायंकाळी होणारी आंजेलुसची घंटा ही प्रार्थनेची हाक तर होतीच, पण शेतावरच्या माणसाला भाकरीची आणि घरी परतण्याची वेळही तीच सांगत असे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तेथील चर्चमधील अनेक घंटा मराठ्यांनी देशावर आणून देवळांत बांधल्या. त्यांपैकी एक याच पुणे जिल्ह्यात भीमाशंकराच्या देवळापाशी आजही आहे. युद्धाच्या लुटीत घंटा का आणल्या गेल्या, याचे एक उत्तर असे की घंटा ज्याच्या हाती, गावाची वेळ त्याच्या हाती, हे सर्वच धर्मांच्या लोकांना ठाऊक होते.

सूर्याच्या वेळेत एक गंमत होती. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा भाग केले तर उन्हाळ्यातील तास लांब होतो आणि हिवाळ्यातील आखूड. संत मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात जे तास येतात, ते असेच आहेत. तिसरा तास म्हणजे सकाळचा सुमारे नऊचा, आणि अकरावा तास म्हणजे दिवस मावळण्यापूर्वीचा शेवटचा. पहाटेपासून राबलेल्या मजुरांची तक्रार तासांच्याच हिशेबाची होती, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. वेळ आणि मजुरी यांचा वाद कारखान्यांच्या फार आधीचा आहे.

सूर्याची वेळ गावोगाव वेगळी असते, ही दुसरी गोष्ट. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. मुंबई आणि पुणे यांच्या रेखांशांत सुमारे एका अंशाचा फरक आहे, म्हणून पुण्याचा मध्यान्ह मुंबईच्या ४ मिनिटे आधी होतो. माणूस घोड्यावरून वा पायी बोरघाट चढत होता तोवर या चार मिनिटांनी कोणाचेच काही बिघडत नव्हते.

तीन वेळांचा देश

हे बिघडविले आगगाडीने. १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत लोहमार्ग सुरू झाला, १८६३ मध्ये बोरघाटातील मार्गही पूर्ण झाला, आणि मुंबई-पुणे हा प्रवास दिवसांऐवजी तासांत मोजला जाऊ लागला. एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचे चालक जर वेगवेगळ्या घड्याळांवर विसंबले, तर अपघात ठरलेलाच. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील रेल्वेने मद्रासच्या वेधशाळेची वेळ सर्वत्र लागू केली. ही वेधशाळा १७९२ मध्ये उभारली गेली होती, आणि तिची वेळ तारायंत्राने देशभर पोचविता येत असे. परिणामी पुण्याच्या स्टेशनावरचे घड्याळ गावातील सूर्यवेळेच्या सुमारे २६ मिनिटे पुढे चालू लागले. एकाच गावात दोन वेळा नांदू लागल्या.

मुंबईत १८२६ मध्ये कुलाबा येथे वेधशाळा उभी राहिली होती. मुंबई वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, मद्रास वेळ सुमारे ५ तास २१ मिनिटे आणि कलकत्त्याची सुमारे ५ तास ५३ मिनिटे. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रास वेळ लादू पाहिली, पण नागरिकांच्या विरोधामुळे दोनच वर्षांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. मिर्झापूरजवळून जाणारे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश हा तिचा आधार. मुंबईच्या घड्याळांना एकदम ३९ मिनिटे पुढे उडी मारावी लागणार होती.

पुस्तकांत हा वाद बहुधा सुशिक्षितांच्या स्वाभिमानाचा म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा होताही. परंतु त्याची झळ खरी कोणाला लागली हे पाहिले पाहिजे. गिरणीचा भोंगा नव्या घड्याळाप्रमाणे वाजू लागला तर कामगाराला सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी, म्हणजे अधिक अंधारात, घर सोडावे लागे. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांचा असंतोष उफाळून आला तो यामुळेच. महापालिकेने मुंबई वेळच चालू ठेवली, आणि स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, तिचा वापर पूर्णपणे थांबला. मध्यंतरी दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, सरकारने साऱ्या देशाची प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे ढकलली होती. घड्याळाचे काटे जितके सरकारच्या हाती जात होते, तितकीच सामान्य माणसाची पहाट त्याच्या हातून सुटत होती.

याच संदर्भात खेड तालुक्याचे एक ऋण नोंदविले पाहिजे. आज ज्या तालुक्यात चाकणची औद्योगिक वसाहत पसरली आहे, त्याच तालुक्यातील कन्हेरसर या गावाशी नाते असलेले नारायण मेघाजी लोखंडे हे हिंदुस्थानातील कामगार चळवळीचे आद्य पुढारी होत. १८८४ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणीकामगारांनी सरकारकडे अर्ज केला. आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, या त्यातील मागण्या होत्या. ही शेवटची मागणी बारकाईने वाचावी. कामाचा आरंभ घड्याळाने आणि शेवट सूर्याने! दोन युगांच्या सीमेवर उभा असलेला कामगार एका पायाने घड्याळात आणि दुसऱ्या पायाने सूर्यात होता. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवारच्या मिस्साला जाणाऱ्या प्रत्येक कामगार कुटुंबाने या दिवसाची आठवण ठेवावी असे आम्हांस वाटते.

भोंग्याचे राज्य

आमच्या परिसराला कारखान्याची पहिली ओळख झाली ती खडकीत. तेथील दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. मुळा नदीपलीकडच्या पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी या गावांत मात्र स्वातंत्र्य मिळेपर्यंत शेतीच मुख्य होती. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि सारे चित्र पालटू लागले. पेनिसिलिन बुरशीपासून आंबवून काढतात. ही क्रिया एकदा सुरू झाली की अनेक दिवस अखंड चालते. तिला रात्र नसते आणि रविवारही नसतो. तापमान आणि हवेचा पुरवठा यांवर ठरलेल्या वेळी लक्ष ठेवावे लागते. शेतीप्रधान पिंपरीला रात्रपाळी कळली ती अशा कामांमुळे.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरी-भोसरीच्या बाजूस टेल्को हे प्रचंड कारखाने उभे राहू लागले. १९७० मध्ये येथे नवनगराची नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. नगर जिल्ह्यातून, मराठवाड्यातून, वसईहून, गोव्याहून, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतून माणसे आली. आमच्या धर्मग्रामांची उभारणी याच माणसांनी केली. गावाकडे घंटेवर जगलेली ही कुटुंबे येथे भोंग्यावर जगू लागली.

भोंगा हा कारखान्याचा, पण त्यावर चालत असे ते सारे गाव. पहिल्या भोंग्याला स्टोव्ह पेटे, दुसऱ्याला डबा भरला जाई, तिसऱ्याला फाटक बंद होई. आई मुलाला शाळेत धाडायची तीही भोंग्याच्याच हिशेबाने. तरीही वेळ सांगणारा म्हणून भोंग्यात दोन उणिवा होत्या.

पहिली निसर्गाची. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे एक किलोमीटरवर भोंगा ३ सेकंद उशिरा ऐकू येतो आणि दोन किलोमीटरवर ६ सेकंद. वारा उलटा असला तर ऐकूच येत नाही. दुसरी उणीव माणसाची. भोंगा वाजविणारा ज्या घड्याळाकडे पाहतो, ते कारखान्याचे घड्याळ असते. ते दोन मिनिटे पुढे असेल तर साऱ्या गावाची वेळ दोन मिनिटे पुढे जाते, आणि उशीर झालेल्या कामगाराला तक्रार करायला जागा उरत नाही. पुढे हजेरीचे पंच कार्ड आले. घड्याळच कार्डावर वेळ छापू लागले, तेव्हा तर ‘यंत्र खोटे बोलत नाही’ हा युक्तिवादही मालकाच्या बाजूला गेला. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, पण ते चुकीच्या वेळेवर लावलेले असू शकते.

कायद्याने या बाबतीत काही संरक्षण दिले होते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने असे बंधन घातले की गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणापेक्षा अधिक असू नये. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, जादा कामाला दुप्पट दर ठरविला, आणि कामाच्या वेळांचा फलक कामगारांना समजेल अशा भाषेतही लावणे सक्तीचे केले. परंतु मिनिटांचे प्रमाण काढायचे तर मिनिटे मोजणारे घड्याळ बरोबर हवे, आणि ते बरोबर आहे की नाही हे पाहण्याचे साधन कामगाराच्याही हाती हवे. ते साधन बिनतारी मार्गाने आले.

आकाशातून आलेले ठोके

बिनतारी संदेशाने वेळ पाठविण्याची कल्पना प्रथम जहाजांच्या उपयोगी पडली. भर समुद्रात आपला रेखांश काढण्यासाठी नावाड्याला अचूक वेळ लागते. घड्याळ ४ सेकंद चुकले तर विषुववृत्तावर जहाजाची जागा सुमारे दोन किलोमीटर चुकते. १९१० मध्ये पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून असे संकेत नियमाने सुटू लागले. ५ फेब्रुवारी १९२४ रोजी बीबीसीने ग्रिनिच वेधशाळेच्या घड्याळाशी जोडलेले सहा ठोके सामान्य श्रोत्यांना ऐकविण्यास आरंभ केला. राजज्योतिषी सर फ्रँक डायसन आणि बीबीसीचे जॉन रीथ यांनी हे काम तडीस नेले. या ठोक्यांचा नियम असा की शेवटचा ठोका जेथे सुरू होतो, तो क्षण म्हणजे तासाचा आरंभ. १९७२ पासून शेवटचा ठोका लांबविण्यात आला, म्हणजे ओळखण्यात चूक होऊ नये.

आपल्या देशात २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे नाव आले, आणि २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचे केंद्र बोलू लागले. म्हणजे पिंपरीचा पहिला मोठा कारखाना आणि पुण्याचे रेडिओ केंद्र ही जवळजवळ जुळी भावंडेच म्हणायची. पुढील दशकात ट्रान्झिस्टर स्वस्त झाला. चाळीतील एका खोलीत रेडिओ वाजला तरी दहा खोल्यांना तो ऐकू जाई. बातम्यांपूर्वीचे वेळेचे ठोके हे त्यामुळे साऱ्या चाळीचे झाले. त्यासाठी कोणी कोणाला विचारावे लागत नव्हते.

या ठोक्यांचा विशेष असा की ते भोंग्यासारखे वाऱ्यावर अवलंबून नव्हते. रेडिओलहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात. दिल्लीहून पुण्यापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १,२०० किलोमीटर धरले, तर ते पार करण्यास सेकंदाचा अडीचशेवा भाग लागतो. पुढे दिल्लीच्या बातम्या इन्सॅट उपग्रहामार्गे येऊ लागल्या. हा उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर असल्यामुळे जाऊन येऊन पाव सेकंद अधिक लागू लागला, पण मनगटी घड्याळाला पाव सेकंदाचे सोयरसुतक नसते. कारखान्याचे संचालक आणि रात्रपाळीचा फिटर यांना एकच वेळ, एकाच क्षणी आणि फुकट मिळू लागली.

नुसती वेळ कळून भागत नाही. ती जवळ बाळगण्यास घड्याळ लागते. पूर्वी स्विस घड्याळ ही चैनीची वस्तू होती. १९६१ मध्ये हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनविण्यास सुरुवात केली. ‘जनता’ हे तिचे चावीचे घड्याळ नावाप्रमाणेच जनतेचे झाले. लग्नात जावयाला, दहावी पास झालेल्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या कामगाराला एचएमटी देण्याची रीत पडली. २०१६ मध्ये सरकारने ही घड्याळे बनविणे बंद करण्याचा निर्णय घेतला. पण आजही आमच्या कित्येक कुटुंबांच्या कपाटांत आजोबांचे ‘जनता’ जपून ठेवलेले आढळेल.

घड्याळ लावण्याची रीत

नव्या पिढीला हे माहीत नसेल म्हणून येथे जरा विस्ताराने सांगतो. चावीच्या घड्याळात एक लहान चक्र केसासारख्या बारीक कमानीच्या आधाराने मागेपुढे झुलते. बहुतेक जुन्या घड्याळांत ते सेकंदाला पाच ठोके देते, म्हणजे तासाला १८ हजार. दिवसाचे सेकंद ८६,४००. घड्याळ दिवसाला अर्धा मिनिट चुकले तर ती चूक तीन हजारांत एकाहून थोडी अधिक भरते. माणसाच्या हातच्या दुसऱ्या कोणत्या वस्तूकडून आपण इतक्या काटेकोरपणाची अपेक्षा करतो?

तरीही ते चुकतेच. उन्हाळ्यात एक चाल, थंडीत दुसरी. हातात असताना एक, रात्री टेबलावर ठेवले असता दुसरी. चावी भरलेली असताना एक, उतरत आल्यावर दुसरी. म्हणून जाणती माणसे पुढीलप्रमाणे करीत. चावी रोज एकाच वेळी द्यायची. बातम्यांना दोन-तीन मिनिटे असताना, सेकंदकाटा बारावर आला की चावीची घुंडी बाहेर ओढायची. ज्या घड्याळांत तशी सोय असे, त्यांत सेकंदकाटा तेथेच थांबे. मग मिनिटकाटा नेमका तासाच्या खुणेवर आणून ठेवायचा, आणि रेडिओचा शेवटचा ठोका कानी पडताच घुंडी आत दाबायची. ज्यांत काटा थांबत नसे, त्यांत फरक नुसता पाहून लक्षात ठेवायचा.

खरे काम यापुढेच. दुसऱ्या दिवशी त्याच बातम्यांच्या वेळी घड्याळ न हलविता फक्त पाहायचे आणि कागदावर लिहायचे की आज किती सेकंद पुढे वा मागे. असे आठवडाभर केले की घड्याळाचा स्वभाव कळतो. रोज १० सेकंद पुढे जाणारे घड्याळ आठवड्यात १ मिनिट १० सेकंद पुढे जाईल, हे आधीच सांगता येते. असे घड्याळ वाईट नव्हे. जे आज २० सेकंद पुढे आणि उद्या १५ सेकंद मागे जाते, ते वाईट, कारण त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही. जहाजावरील घड्याळांचीही परीक्षा अशीच होई. फरक कायम एकाच बाजूचा असेल तर घड्याळजी मागचे झाकण उघडून आतली बारीक पट्टी केसभर सरकवी आणि घड्याळ ताळ्यावर आणी.

ज्या कामगाराने आपले घड्याळ असे रेडिओशी जुळविलेले असे, तो फाटकावर निराळ्या आत्मविश्वासाने उभा राही. ‘साहेब, टाइम ऑफिसचे घड्याळ दोन मिनिटे पुढे आहे, सातच्या बातम्यांना लावून बघा,’ हे वाक्य तो बोलू शके. त्यात उद्धटपणा नव्हता. आपल्या आणि मालकाच्या वर असलेल्या तिसऱ्या साक्षीदाराला त्याने पाचारण केलेले असे.

सेकंदाचे रखवालदार

हा साक्षीदार तरी कोठून वेळ आणतो? भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. १९५९ पासून तिने लघुलहरींवर ‘एटीए’ या खुणेने स्वतंत्र वेळप्रक्षेपण सुरू केले. ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर सेकंदासेकंदाची टिकटिक तेथे ऐकू येई, आणि ज्यांच्याकडे लघुलहरींचा चांगला रेडिओ असे त्यांना बातम्यांची वाट पाहावी लागत नसे. पुढे उपग्रहांची आणि दूरध्वनीची साधने आली आणि ती टिकटिक थांबली.

१९६७ मध्ये सेकंदाची व्याख्याच बदलली. तोवर सेकंद म्हणजे पृथ्वीच्या गतीचा एक अंश होता. आता सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांचा काळ म्हणजे एक सेकंद झाला. पृथ्वीचे फिरणे मात्र किंचित अनियमित आहे. दोहोंचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून २०१६ च्या अखेरीपर्यंत जगाच्या घड्याळांत २७ वेळा एकेक सेकंद वाढविण्यात आला. शेवटचा वाढीव सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे साडेपाचला पडला. ही पद्धत २०३५ पर्यंत थांबवावी असा आंतरराष्ट्रीय परिषदेने २०२२ मध्ये निर्णय घेतला आहे. म्हणजे सूर्याशी उरलेला शेवटचा धागाही सैल होत आहे. एरवीही पिंपरीत घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा यांचा मेळ बसत नाहीच. साडेब्याऐंशी अंशांच्या बरेच पश्चिमेस असल्यामुळे येथे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांनी. नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १२.१८ ला, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२.४९ च्या सुमारास.

याच पट्ट्याच्या उत्तरेला, चाकणवरून जाणाऱ्या नाशिक रस्त्याने गेल्यास, नारायणगावजवळ खोडद येथे जगप्रसिद्ध महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या प्रेरणेने उभारलेल्या या प्रकल्पात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातील स्पंदक तारे स्वतःभोवती फिरताना रेडिओलहरींचे ठोके इतक्या नियमाने पाठवितात की त्यांतील काही ताऱ्यांची तुलना उत्तम घड्याळांशी होते. खोडदच्या दुर्बिणीने वर्षानुवर्षे टिपलेल्या अशा ठोक्यांच्या आधारे, अब्जावधी सूर्यांएवढ्या कृष्णविवरांमुळे उठणाऱ्या गुरुत्वीय लहरींचा सुगावा लागल्याचे भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी जून २०२३ मध्ये जाहीर केले. चाळीतला कामगार जे करीत होता तेच हे शास्त्रज्ञ करतात. दुरून आलेला ठोका ऐकायचा, आपल्या घड्याळाशी ताडून पाहायचा आणि फरक इमानाने लिहून ठेवायचा.

आजचे फाटक

आज चाकणच्या कारखान्यांत भोंगा क्वचितच ऐकू येतो. २००९ मध्ये तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि मर्सिडीजही पिंपरीहून तेथेच गेली. जुळणीच्या पट्ट्यावर प्रत्येक कामासाठी ठरावीक सेकंद नेमून दिलेले असतात. हजेरी बोटाच्या ठशाने वा चेहऱ्याने लागते, आणि कंपन्यांची संगणकयंत्रे इंटरनेटमार्गे आपली वेळ आपोआप जुळवून घेतात. प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलही बहुधा सेकंदाबरहुकूम असतो. उलट तोच मोबाइल घेऊन त्यावर इंटरनेटमार्गे आकाशवाणी ऐकली, तर ठोके काही सेकंद उशिराच येतात. घड्याळ लावायचे तर जुना रेडिओच हवा.

मग वेळेचा प्रश्न सुटला काय? आमच्या मते सुटलेला नाही. त्याचे रूप मात्र बदलले आहे. घड्याळ बरोबर आहे यावर आज सहसा वाद होत नाही. वाद होतो तो कोणती मिनिटे कामाची म्हणून धरायची यावर. कंत्राटी कामगार कंपनीच्या बसने पाऊण तास आधी पोचतो, फाटकावर रांगेत उभा राहतो, गणवेश आणि बूट चढवितो, आणि मग यंत्रासमोर बोट टेकवितो. ही मिनिटे कोणाच्या खात्यावर? सुटी होताना पुढच्या पाळीचा माणूस आला नाही म्हणून थांबावे लागते, ती मिनिटे कोणाची? अचूक घड्याळ या प्रश्नांची उत्तरे देत नाही. ते फक्त मोजून देते; न्याय माणसालाच करावा लागतो. द्राक्षमळ्याच्या मालकाने तास मोजले होतेच, परंतु मजुरी देताना त्याने मजुराच्या घरची चूलही पाहिली.

वाचकबंधुभगिनींनो, हा हिशेब फक्त कारखान्यांना लागू आहे असे समजू नये. आपल्या घरी धुण्याभांड्यांना येणारी बाई ठरल्यापेक्षा वीस मिनिटे अधिक थांबते, तेव्हा ते आपल्या ध्यानात येते काय? रात्रपाळी संपवून न झोपता रविवारच्या मिस्साला आलेला कामगार बाकावर बसून असतो, आणि आम्ही धर्मगुरू सूचना वाचण्यात जादा दहा मिनिटे घेतो, ती दहा मिनिटे त्याच्या झोपेतून जातात. सभा उशिरा सुरू होते तेव्हा वेळेवर आलेल्यांचीच वेळ वाया जाते. दुसऱ्याची मिनिटे न विचारता घेणे हेही घेणेच आहे.

घरात जुना रेडिओ असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा आणि आजोबांचे घड्याळ बाहेर काढावे. मुलांना एकदा तरी शेजारी बसवून बातम्यांच्या ठोक्याला ते लावून दाखवावे, आणि आठवडाभर त्याचा फरक त्यांच्याकडून वहीत लिहून घ्यावा. ज्या पिढीने हा परिसर उभा केला, तिने प्रत्येक सेकंदाचा हिशेब किती कष्टाने राखला होता, हे त्यांना त्या वहीतून कळेल.